आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

मर्यादित रकमेत उच्च दर्जाचा गेमिंग संगणक जुळवावयाचा, तर आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारले, की मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा नगरमधील दुकान, उत्तर बहुधा ग्राफिक्स कार्डापासूनच सुरू होते. अहिल्यानगर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हा क्रम मला सर्वथा उलटा वाटतो. ज्या जिल्ह्यात मळ्यातल्या वस्तीवर शेजारचे पंप सुरू होताच घरातील दिवे मंदावतात, जेथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि जेथे असंख्य घरांत संगणकाची रक्कम उसाच्या बिलातून किंवा दुधाच्या दहा दिवसांच्या पगारातून थोडीथोडी बाजूला काढावी लागते, तेथे खर्चाचे अंदाजपत्रक भिंतीतल्या प्लगपासून मांडले पाहिजे.

तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे. पण आपल्याकडील कित्येक जुन्या घरांत त्यामागील तार बोर्डातच संपते, किंवा मुळी जोडलेलीच नसते. अशा घरात संगणक सुरू असताना अनवाणी पायांनी फरशीवर उभे राहून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावावे, म्हणजे झिणझिण्या येतात आणि ‘करंट मारतो’ अशी तक्रार घेऊन मुलगा दुकान गाठतो. दोष दुकानदाराचा नसतो आणि संगणकाचाही नसतो. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरविणाऱ्या डब्याच्या, आत विजेतील खरखर गाळणारे लहान कपॅसिटर दोन्ही तारांना पत्र्याशी जोडतात. त्यांतून झिरपणारा अल्प प्रवाह जमिनीत जाण्यास वाट नसली, की २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब पत्र्यावर साचून राहतो. प्रवाह अल्प असल्याने तो सहसा जिवावर बेतत नाही. परंतु उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड होऊन पत्रा थेट विजेच्या तारेला भिडला, तर त्याच घरात जीव वाचविणारे दुसरे काही नसते, आणि ह्याच कारणास्तव मी ह्या गोष्टीवर इतका भर देत आहे. वायरमनकडून खड्डा घेऊन, कोळसा-मिठाच्या थरात पट्टी पुरून, तेथून तार थेट संगणकाच्या बोर्डापर्यंत आणण्याचा खर्च ग्राफिक्स कार्डाच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. पारनेर-पाथर्डीकडच्या कोरड्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतण्याची तजवीज मात्र ठेवावी, कारण कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही.

त्यानंतर एसएमपीएस. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणाऱ्या डब्यावर ४५० हा आकडा ठळक छापलेला असतो, आणि ग्राहक तेवढेच वाचतो. वाचावयाचा असतो तो बाजूच्या पत्रकातील बारा व्होल्टचा रकाना. तेथे समजा १६ अँपिअर लिहिले असतील, तर बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॉट एवढीच शक्ती प्रोसेसर आणि कार्ड ह्यांच्या वाट्याला येते; आणि एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या एनव्हिडिया आरटीएक्स ४०७० ह्या एकट्या कार्डाची मागणी २०० वॉटांची आहे. साठ हजारांच्या कार्डाला दीड हजाराच्या डब्यावर जगविण्याचा हा प्रयत्न किफायतीचा नव्हे. ‘एटी प्लस’ ह्या प्रमाणपत्राचा ब्राँझ वा गोल्ड दर्जा असलेला, नामांकित कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. तो पुढील दोन संगणकांनाही पुरतो. यूपीएसच्या बाबतीतही हीच खातरजमा हवी: ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटच पेलतो, त्यामुळे ऐन खेळात लाईट गेली, की तोही तत्क्षणी मान टाकतो.

आता पडदा आणि कार्ड. ह्यांत पडदा आधी ठरवावा, कारण कार्डाचे काम पडद्यावरून निश्चित होते. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. फोर-के पडद्यावर बरोबर चौपट, ८२,९४,४००. म्हणजे फोर-केचा मोह धरणाऱ्याने प्रत्येक चित्रामागे चौपट रंगकाम आपल्या कार्डावर लादले, असा त्याचा इत्यर्थ होतो. मधला, १४४० ओळींचा पडदा ३६,८६,४०० बिंदूंचा. लाखभर रुपयांत उच्च दर्जाचा अनुभव हवा असणाऱ्याने तेथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने कार्ड घेण्यास माझी हरकत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम ह्या आभासी चलनाने आपली पद्धत बदलल्यावर त्याच्या उत्खननात राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली, आणि त्यांतील पुष्कळ आजही धडधाकट आहेत. मात्र अर्धा तास पूर्ण भारावर चालवून, तापमान डोळ्यांनी पाहून, मूळ बिल हाती आल्यावाचून पैसे मोजू नयेत.

ज्यांची आवक हप्त्याहप्त्याने होते, त्यांनी संगणकही हप्त्याहप्त्याने उभारावा, आणि मदरबोर्ड त्याच दृष्टीने निवडावा. एएमडीच्या एएम४ ह्या सॉकेटवर २०१७ सालच्या कित्येक मदरबोर्डांनी २०२२ सालचा प्रोसेसर स्वीकारला. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ला किमान २०२७ पर्यंत आधार देण्याचे त्या कंपनीने जाहीर केले आहे. प्रथम अंतर्गत ग्राफिक्सचा प्रोसेसर घेऊन अभ्यास आणि हलके खेळ चालवावेत, आणि पुढच्या हंगामात कार्ड बसवावे. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीपायी भडकले, आणि त्याच मागणीपायी रॅम बनविणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबरमध्ये आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकोपयोगी व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. तेव्हा ३२ जीबीचा हट्ट तूर्त सोडून आठ-आठच्या दोन पट्ट्या घालाव्यात.

लाख रुपये खेळावर घालावयाचे काय, ही घरातील वडीलधाऱ्यांची हरकत मी गैरवाजवी मानत नाही. परंतु १९८३ साली शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस मुभा दिल्यानंतर, सहकारी साखर कारखानदारीच्या बळावर लोणी, कोपरगाव, संगमनेर येथे जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांत शिकणाऱ्या मुलामुलींना त्रिमितीय आराखड्यांसाठी, चित्रफितींच्या संपादनासाठी नेमके हेच यंत्र लागते. आणि केवळ खेळासाठी घेतले, तरी दिवसभर शिकून, घरच्या गोठ्यात राबून आलेल्या तरुणाने रात्री दोन तास खेळावे, यात मला काहीच वावगे दिसत नाही.

उष्णतेविषयी थोडक्यात. साडेतीनशे वॉट खेचणारा संगणक चार तासांत १.४ युनिट वीज घेतो आणि ती सारी अखेर खोलीत उष्णता म्हणून सोडतो. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ते सुसह्य नसते. पुढे काच आणि आत रंगीत दिवे असलेले कॅबिनेट दिसावयास देखणे असले, तरी आपल्या हवेत पुढे जाळी आणि धुळीचे निघणारे फिल्टर असलेलेच घ्यावे, आणि दर महिन्याला ते झटकावे.

नगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या दुकानदारांकडे माझी एक मागणी आहे. कोटेशनमध्ये ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ अशी एकच ओळ लिहिण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो त्यांनी मोडावा. एसएमपीएसची कंपनी, मॉडेल आणि बारा व्होल्टवरील अँपिअर स्वतंत्र ओळीत लिहावेत. आणि ग्राहकानेही अठरा टक्के जीएसटी वाचविण्यासाठी बिलाविना माल उचलू नये, कारण तीन वर्षांच्या वॉरंटीचा दावा करण्याची वेळ येईल तेव्हा कंपनी पहिल्याने तोच कागद मागेल.