ऑप्शनला टाकलेला अभ्यास

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात परीक्षेपूर्वी पंधरा दिवस एक वाक्य कोठेही उभे राहिले तरी कानी पडते : "तो भाग मी ऑप्शनला टाकला." बोलणाऱ्याच्या मुद्रेवर अपराधाची छायाही नसते, डोक्यावरचा भारा उतरवून ठेवल्याचे समाधान मात्र असते. 'खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा' या एका ओळीच्या आधारावर आपण शाळेपासून इथवर आलो. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एक गाइड, आदल्या रात्रीचे अपेक्षित प्रश्न, आणि उरलेले सारे ऑप्शनला. या पद्धतीने पदवी मिळते हे मला मान्य आहे. परंतु जी परीक्षा पोटापाण्याचा परवाना देते, तेथे हीच पद्धत माणसाला वर्षानुवर्षे उंबऱ्यावर उभे करून ठेवते, असे माझे मत झाले आहे. आणि ते मी सीएच्या, म्हणजे सनदी लेखापालांच्या परीक्षेच्या उदाहरणाने मांडणार आहे.

कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे संपादक मंडळातील एका मित्राने विचारले. त्याला उत्तर असे, की सीए होण्याची वाट केवळ कॉमर्सवाल्यांच्या दारावरून जाते ही आपली समजूत खरी नाही. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय सनदी लेखापाल संस्था ही परीक्षा घेते. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि शेवटी फायनल, असा सरळ मार्ग आहे. परंतु पदवीधराला फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदविता येते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला त्यासाठी ५५ टक्के लागतात, आपल्याला ६०. हे पाच टक्के आपल्या शाखेला लावलेला दंड आहे की आपल्यावर टाकलेला विश्वास, यावर वादविवाद मंडळाने एखादी स्पर्धा घ्यावी! दार बंद नाही, एवढे मात्र खरे.

माझ्यापुरता हा प्रश्न वादविवादाचा नाही. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मी सीएचे नाव काढले तेव्हा वडिलांनी विचारले, "म्हंजे आडतीतला दिवाणजीच न्हवं का?" मी म्हटले, दिवाणजीने लिहिलेल्या वह्या तपासून त्याखाली जो सही करतो तो. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पट्टीवर लिवलेलं खरं का खोटं, ते कळतंय व्हय त्याला?" पदवीनंतर दोन वर्षे घरचे थांबतील असे ठरले आहे. ज्या घरात अशी मुदत बांधलेली असते, तेथे 'पुढच्या वेळी बघू' हे वाक्य परवडत नाही. म्हणूनच ही परीक्षा लोक का नापास होतात, याचा शोध घेणे मला अभ्यास सुरू करण्याआधी आवश्यक वाटले.

निकाल पाहिले तर छाती दडपते. मे २०२४ मध्ये इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी १८.४२ टक्के उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी जूनमधील फाउंडेशनचा निकाल १४.९६ टक्के लागला. शंभरातील ऐंशीहून अधिक मुले मंदबुद्धीची असतात असे कोणी म्हणणार नाही. त्यांतील कित्येकजण बारावीला नव्वद टक्क्यांवर गेलेले असतात. तेव्हा दोष बुद्धीचा नसून रीतीचा असला पाहिजे.

आता नियम पाहा. इंटरमीजिएटला सहा पेपर, तीन-तीनांचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण हवेत आणि ग्रुपची बेरीज ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० हवी. आपल्याकडे ३५ ला पास म्हणण्याची सवय असल्याने हे दुहेरी कुंपण लवकर लक्षात येत नाही. एका मुलीला ६२, ४८ आणि ४१ मिळाले, बेरीज १५१, ती पास. दुसरीला ५५, ५० आणि ४४ मिळाले. कोणताही पेपर गेला नाही, तरी बेरीज १४९! तिला तिन्ही पेपर पुन्हा लिहावे लागतात. तिसरीला ७५, ७० आणि ३९. बेरीज १८४ असूनही ती नापासच. परंतु ६० वा अधिक गुण मिळालेल्या पेपरांतून पुढील तीन परीक्षांपर्यंत सूट मिळते, म्हणून तिच्या वाट्याला पुढे एकच पेपर उरतो. ही तीन उदाहरणे मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवून ठेवली आहेत. नावडता विषय टाकून द्यावयाचा नाही आणि आवडत्याला साठीपलीकडे न्यावयाचे, एवढा अर्थ त्यांतून निघतो. 'ऑप्शनला टाकणे' या कुंपणात बसतच नाही. प्रश्नपत्रिकेतसुद्धा वर्णनात्मक भागातला पहिला प्रश्न बहुतेक सक्तीचा असतो, आणि ३० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न साऱ्या अभ्यासक्रमावर पसरलेले असतात. आपण जे टाकून दिले तेच नेमके तेथे येऊन बसते.

दुसरी गोष्ट वाचनाची. आपण अभ्यासाला 'वाचन' म्हणतो. "किती वाचन झालं?" असेच एकमेकींना विचारतो. या शब्दातच घोटाळा आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे तीन वेळा कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला चांगले आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता! परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या पेनाने रंगविलेली पाने उलटताना आपल्याला जे 'येते आहे' असे वाटते, ते हेच. मजकूर ओळखीचा वाटणे निराळे आणि कोऱ्या कागदावर तो उतरविता येणे निराळे.

याचे चालते-बोलते उदाहरण आमच्या वसतिगृहातील खोलीतच आहे. खोलीतील ताई इंटरमीजिएटच्या दुसऱ्या ग्रुपची तयारी करीत आहे. पहिला ग्रुप तिने तिसऱ्या खेपेला सोडविला. पहिल्या दोन खेपांना तिने बारा-बारा तास अभ्यास केला. क्लासची ध्वनिचित्रफीत दीडपट वेगाने पाहावयाची, वहीत उतरवून घ्यावयाची, आणि वही पुन्हा वाचावयाची. तिसऱ्या वेळी तिने तासांची मोजदाद सोडली आणि लिहिलेल्या पेपरांची सुरू केली. परीक्षा दुपारी दोन ते पाच असते, म्हणून तीही दुपारी दोनलाच बसते. भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली, जेवणानंतर जेव्हा डोळे मिटू लागतात, नेमकी तीच वेळ! पावणेदोनला प्रश्नपत्रिका हातात, पंधरा मिनिटे नुसते वाचन, मग तीन तास लेखन. १८० मिनिटांत १०० गुण, म्हणजे एका गुणाला १ मिनिट ४८ सेकंद. चौदा गुणांच्या प्रश्नाला पंचवीस मिनिटे झाली की ती उत्तर अर्धे सोडून पुढे जाते. हे मला प्रथम निर्दयपणाचे वाटे. परंतु शेवटचा प्रश्न कोरा सोडण्यापेक्षा दोन उत्तरे अपुरी राहिलेली बरी, हे गुणांच्या हिशेबाने सहज पटते.

पाचनंतर तिचे खरे काम सुरू होते. संस्थेने प्रसिद्ध केलेल्या उत्तरांशी ताडून ती स्वतःचा पेपर तपासते आणि प्रत्येक चूक एका वेगळ्या वहीत लिहिते. प्रश्न नव्हे, चूक. 'बेरीज उतरवताना आकडा उलटा', 'कलम आठवले, अट विसरले', 'प्रश्न पुरता वाचला नाही'. त्या वहीच्या एका पानावर 'प्रश्न पुरता वाचला नाही' हे वाक्य मी सात वेळा मोजले. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती हीच वही घेऊन बसते. आमच्या अर्थशास्त्राच्या तिमाही परीक्षेसाठी मीही तशी वही केली आहे. आकृतीतील अक्षांना नावे न देणे हा माझा रोग आहे, हे तिच्यामुळे कळले.

क्लासविषयी थोडे स्पष्ट बोलते. क्लास लावणे गुन्हा नाही. चांगला शिक्षक चार दिवसांचे काम तासात करून देतो. परंतु क्लासशिवाय ही परीक्षा होतच नाही, हा जो समज आहे, तो आमच्यासारख्या घरांना कर्जात लोटतो. ताईने एका खाजगी क्लासची फी भरण्यासाठी आईचे डोरले गहाण टाकले होते, आणि पहिल्या खेपेस तिने लिहिलेले पेपर त्या क्लासने तपासून परत दिलेच नाहीत. संस्थेचे अभ्याससाहित्य, उजळणीच्या प्रश्नपत्रिका, सराव परीक्षा आणि मागील परीक्षांची आदर्श उत्तरे, हे सर्व संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. पैसे खर्चावयाचेच तर ते छपाईवर आणि कोऱ्या कागदांवर खर्चावेत. माझ्या मते पेपर तपासून देणारा माणूस हा शिकवून जाणाऱ्या माणसाहून दसपट मोलाचा.

जुन्या पुस्तकांचा मोहही येथे जपून करावा. आपण दादाची पुस्तके ताईला आणि ताईची मला, अशी वापरतो. इतिहासाला ते चालते. परंतु १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. जीएसटीचे दर सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले. रद्दीच्या दुकानातील करविषयाचे पुस्तक स्वस्त असेल, पण त्यातील कलमांचे आकडे पाठ करणे म्हणजे बंद झालेल्या एस.टी.ची वाट पाहणे होय. कोणत्या परीक्षेस कोणता कायदा लागू, हे संस्था आधी जाहीर करते. पहिल्या दिवशी ते पाहावे आणि मगच पुस्तक घ्यावे.

भाषेची भीती मोठी आहे. ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येते, मराठीत नाही. परंतु समजून घेण्याची भाषा कोणती असावी, यावर कोणाचा कायदा नाही. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. हे शब्द यार्डातील वह्यांतून माझ्या वडिलांच्याही कानावरून गेलेले आहेत. डेप्रिसिएशन मला पुस्तकातून उमगले नाही. सुट्टीत मी ते वडिलांना हातगाडीवरून समजावून सांगू लागले : गाडी घेतली त्या वर्षीच तिची सारी किंमत खर्चात धरली तर त्या वर्षी तोटाच दिसेल, गाडी तर पाच वर्षे झिजते. "मग झीज वाटून घ्यायची की पाच वर्सात," ते म्हणाले. घसारा या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. समोरच्याला मराठीत सांगता आले की मगच इंग्रजी वाक्य पाठ करावे. उलट क्रमाने केलेले पाठांतर प्रश्नाची भाषा थोडी बदलली की कोसळते.

दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत की एकेक, यावर वसतिगृहात रोज भांडण होते. दोन्ही दिले तर सहाही पेपरांची एकत्र बेरीज धरली जाते. एका ग्रुपात कमी पडलेले गुण दुसऱ्यातून भरून निघतात. हा फायदा खरा आहे. पण तो ४० चे कुंपण ओलांडलेल्यालाच मिळतो. ज्याचे सहापैकी दोन पेपर एकदाही घड्याळ लावून लिहून झालेले नाहीत, त्याने एकच ग्रुप द्यावा असे मला वाटते. २०२४ पासून इंटरमीजिएट वर्षातून तीनदा होऊ लागल्याने एक ग्रुप मागे ठेवणे पूर्वीइतके महागही राहिलेले नाही.

प्राध्यापकवर्गाने रागावू नये, पण एक विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात पेपर लिहिण्याचा सराव वर्षातून दोनदा होतो, आणि तपासलेली उत्तरपत्रिका आमच्या हाती क्वचित येते. ती प्रत्येक वेळी परत मिळावी, लाल शाईसकट. ग्रंथालयात संस्थेच्या साहित्याची छापील प्रत ठेवावी, असा अर्ज मी आणि अर्थशास्त्राच्या दहाजणांनी ग्रंथपालांकडे दिला आहे. तृतीय वर्षाला गेल्यावर थेट नोंदणी करू इच्छिणाऱ्यांनी ६० टक्क्यांची अट आताच ध्यानात घ्यावी. गेल्या सत्रात माझे ५८ आहेत. दर रविवारी दोन ते पाच आम्ही चौघीजणी खोली क्रमांक सातमध्ये पेपर लिहितो. येणाऱ्याने कागद आणि घड्याळ आपले आणावे.