डोळे मिटून बी.कॉम.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक वर्कशॉप झालं. शनिवारी. (वीकेण्ड बुडाला, पण जेवण झकास होतं.) दिवे मंद, बासरीची सीडी, आणि पांढऱ्या कुर्त्यातले सर सांगतायत, डोळे मिटा, तुम्हाला जे व्हायचंय ते झालेलंच आहे असं बघा. शेजारच्या डेस्कवाल्यानं बालेवाडीत थ्री बीएचके बघितला. मी बघितली डिग्री. बी.कॉम.ची. काळा गाऊन, हातात गुंडाळी, समोर आई.

हसू नका. माझ्या वरच्या पोस्टसाठी पदवी लागते आणि माझ्याकडे ती नाही. बारा वर्षांपूर्वी शिक्षण सुटलं. घरच्या अडचणीमुळे सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे शेवटच्या वर्षी कॉस्टिंगच्या पेपरला मी तीन तास कोऱ्या पानाकडे बघत बसले होते, आणि पुन्हा तसल्या हॉलमध्ये जायची हिंमत झाली नाही.

तर वर्कशॉपच्या जोशात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातलं. पुन्हा पहिल्या वर्षापासून! १९८९ साली नाशिकला सुरू झालेलं हे विद्यापीठ माझ्यासारख्या मध्येच गळालेल्यांचंच. ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गंगा माझ्या घरी आली खरी, पण थेट कपाटावर जाऊन बसली. रोज रात्री दहा मिनिटं मी डोळे मिटून गाऊन घालायचे, टाळ्या ऐकायचे, आणि इतकं बरं वाटायचं की तिथंच झोप लागायची. असं तीन महिने.

दिवाळीत धरणगावला गेले. रात्रीच्या गाडीनं जळगाव, मग एसटी. आमच्या गावात कल्पनाशक्तीचा विषय निघाला की नाव एकच, बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे धरणगावात जन्मले, १३ ऑगस्ट १८९० ला, आणि १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात कोवळ्या वयातच त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं. शाळेत हे इतक्यांदा ऐकलंय की कल्पना करणं हे कवींचं खातं, आपलं नव्हे, असंच मला वाटायचं.

आई तीस वर्षं ब्लाउज शिवते. दिवाळीत तिला मान वर करायला फुरसत नसते, पण त्या दिवशी ती कापड मांडीवर पसरून नुसती बसली होती. कात्री बाजूला.

‘‘काय करून राहिली?’’ मी विचारलं. (गावात पाऊल टाकलं की माझी भाषा आपोआप बदलते.)

‘‘शिवून राहिले ना!’’

मग तिनं बोटानं दाखवलं. कापड कमी, गिऱ्हाइकाला बाही लांब पाहिजे. इथून पाठ कापली, इथून पुढचे दोन भाग, आता बाही लावायला गेलं की काखेत कापड पुरत नाही. तिथं जोड द्यावा लागेल, आणि तो दिसू नये म्हणून बाही उलटी बेतावी लागेल. ‘‘हे आत्ता समजलं तर ठीक. कात्री लागल्यावर समजून काय करू?’’

‘‘आणि तिला तो घातल्यावर कसा दिसेल, ते नाही बघत?’’

‘‘ते तिचं ती पाहील आरशात.’’

मग मी गाऊनची गोष्ट सांगितली. आणि का कोण जाणे, त्या कोऱ्या पानाचीही. सुईत दोरा ओवताना ती म्हणाली, ‘‘मला माहीत होतं. मार्कशीट आली नाही ना घरी.’’ बारा वर्षं माहीत होतं! वर विचारते, ‘‘पण कुठं अडकली होती तू?’’ मला सांगता आलं नाही. त्या पेपरातला एक प्रश्न आठवेना. आठवत होती फक्त भीती.

पुण्याला परतल्यावर थोडं वाचलं. लिएन फाम आणि शेली टेलर या दोघींनी १९९९ मध्ये एक अभ्यास छापला होता, कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवरचा. परीक्षेआधी काहींनी रोज थोडा वेळ ‘मला छान मार्क मिळालेत’ असं मनात बघायचं, तर काहींनी ‘मी अभ्यास कसा करतोय’ ते. कुठं बसतोय, काय उघडतोय, वगैरे. मार्क जास्त पडले दुसऱ्यांना. पहिल्यांचा अभ्यासच कमी झाला! (वाचून मला माझी झोप आठवली.) आणि १९९५ चा पास्कुआल-लिओन यांचा पियानोचा प्रयोग तर भन्नाटच. पाच दिवस, रोज दोन तास, काहींनी पियानो वाजवला, काहींनी पियानोसमोर बसून नुसता मनात वाजवला. बोटं हलवणारा मेंदूचा भाग दोन्हीकडे सारखाच बदलला. हात प्रत्यक्ष चालवणाऱ्यांची सफाई अर्थातच जास्त होती. पण मनातल्यांनीही एकेक बोट क्रमानं वाजवलं होतं, टाळ्या ऐकत बसले नव्हते.

सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डोळे मिटायला त्यांनीच शिकवलं. फक्त सिनेमा शेवटाकडून लावला.

आता माझी दहा मिनिटं अशी. साडेनऊ. ताट सिंकमध्ये. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. खुर्ची, पुस्तक, घसाऱ्याचं प्रकरण. तिसऱ्या उदाहरणाला मी अडते, मला चहा हवासा वाटतो, मी उठते... हेही बघायचं. आणि न उठता मागच्या पानावर जाऊन सूत्र पुन्हा कसं काढीन, तेही. मग डोळे उघडून खरंच बसायचं. अगदी बोअर सिनेमा आहे, झोप मात्र येत नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी बुडतात, ते सोडा.

रविवारी आईचा फोन येतो. अभ्यास झाला का, असं ती विचारत नाही. ‘‘कुठं अडकली?’’

‘‘घसाऱ्यात,’’ परवा मी म्हटलं.

‘‘म्हणजे?’’

मग तिच्याच मशीनचं उदाहरण घेऊन समजावलं. इतक्याला घेतलं, इतकी वर्षं वापरलं, दरवर्षी त्याची किंमत अमुक टक्क्यांनी कमी धरायची. सांगता सांगता माझंच मला नीट कळत गेलं. तिनं मध्येच तोडलं.

‘‘माझ्या मशीनची नाही होत कमी,’’ म्हणाली, आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं होतं.