राउटरमधील त्रुटी आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

वाराणसीच्या दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट परिसरात पेशवेकाळापासून मराठी कुटुंबांची वस्ती आहे. तेथील अरुंद गल्ल्यांतील घरांतही आता इंटरनेट पोहोचले आहे. पुण्या-मुंबईतील आप्तांशी संभाषण, बँकेचे व्यवहार, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंशी संपर्क, हे सारे राउटर नावाच्या एका छोट्या पेटीतून होते. दाराला न चुकता कुलूप लावणारी कुटुंबे या पेटीच्या कुलपाचा विचार मात्र क्वचितच करतात. ही स्थिती केवळ वाराणसीत नव्हे, तर देशभर आहे आणि तिची किंमत २०१७ मध्ये मोजावी लागली.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या सरकारी कंपन्यांच्या अनेक ग्राहकांची ब्रॉडबँड सेवा अकस्मात खंडित झाली. ‘ब्रिकरबॉट’ या घातक प्रणालीने त्यांच्या मोडेमवर हल्ला चढवला होता. माहिती चोरणे हा या हल्ल्याचा हेतू नव्हता. उपकरणातील स्मृती पुसून ते निकामी करणे हा होता. असुरक्षित उपकरणे गुन्हेगारांच्या हाती पडण्यापूर्वीच नष्ट व्हावीत, असा या प्रणालीच्या अज्ञात कर्त्याचा दावा होता. रोगापेक्षा इलाज भयंकर, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्ड न बदललेल्या सुमारे २,००० मोडेमना बाधा झाल्याचे भारत संचार निगमने त्या वेळी सांगितले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. दोन्ही कंपन्यांची मिळून ६० हजारांहून अधिक उपकरणे बाधित झाल्याचे अन्य वृत्तांत म्हटले होते. तथापि, दोष एकट्या ग्राहकांचा होता काय, हा प्रश्न उरतोच. मोडेमची दुरून देखभाल करण्यासाठी कंपन्या ७५४७ क्रमांकाचे जे प्रवेशद्वार वापरतात, ते बाहेरच्या कोणालाही खुले राहिल्याचे त्या वेळच्या वृत्तांत नमूद होते. हे द्वार बंद करणे सामान्य ग्राहकाच्या हाती नव्हते.

पासवर्ड बदलूनही धोका टळत नाही, याचे उदाहरण त्याआधीच समोर आले होते. राउटर चालवणाऱ्या अंतर्गत प्रणालीला फर्मवेअर म्हणतात. ‘मिसफॉर्च्यून कुकी’ या नावाने ओळखली गेलेली फर्मवेअरमधील त्रुटी डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने उघड केली. विशिष्ट पद्धतीने रचलेला एक संदेश पाठवला की पासवर्डविनाच राउटरचा ताबा मिळवता येत असे. असा ताबा मिळाल्यास बँकेच्या संकेतस्थळाकडे निघालेला ग्राहक नकळत बनावट पृष्ठावर नेला जाऊ शकतो. १८९ देशांतील किमान १ कोटी २० लाख उपकरणे या त्रुटीच्या कक्षेत होती.

विशेष म्हणजे, मूळ प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने ही त्रुटी २००५ मध्येच दूर केली होती. परंतु राउटर उत्पादक जुनीच आवृत्ती वापरत राहिले. औषध तयार होते, पण नऊ वर्षे ते रुग्णापर्यंत पोहोचलेच नाही. प्रणाली लिहिणारा, पेटी बनवणारा, ती पुरवणारा आणि वापरणारा अशा चौघांमध्ये जबाबदारी विभागली की ती कोणाचीच राहत नाही, हे यातून दिसते.

या स्थितीत कायद्याची भूमिका महत्त्वाची ठरते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच सोपा पासवर्ड असलेली उपकरणे विकण्यास मनाई आहे. शिवाय सुरक्षा सुधारणा किती काळ मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. भारतात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. दूरसंचार विभागानेही राउटरच्या सुरक्षा प्रमाणनाचा मार्ग स्वीकारला आहे. मात्र, नव्या उपकरणांसाठीच्या नियमांनी घराघरांतील जुन्या पेट्या आपोआप सुरक्षित होत नाहीत.

ग्राहकाने पासवर्ड बदलावा, फर्मवेअर अद्ययावत ठेवावे आणि सुधारणा मिळेनाशी झालेली पेटी बदलावी, हे योग्यच आहे. पण दुर्गाघाटावरील एखाद्या वृद्ध दांपत्याकडून हे सारे अपेक्षिणे वास्तवाला धरून होणार नाही. ज्याने पेटी बसवली, त्यानेच तिची निगा राखावी, हा साधा न्याय धोरणात उतरला, तरच २०१७ ची पुनरावृत्ती टळू शकेल.