वृद्धाश्रमातील पडझड आणि कायद्याचा कानाडोळा

‘पाय घसरला, वयच झाले होते.’ वृद्धाश्रमातून किंवा शुश्रूषा-केंद्रातून नातेवाइकांना जाणारा हा निरोप इतका सरावाचा झाला आहे की, तो ऐकून पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वयाकडे बोट दाखविले की चालकांची जबाबदारी संपते, मुलांची अपराधी भावना गप्प होते आणि पोलीस ठाण्यापासून मंत्रालयापर्यंत कोणालाच काही करावे लागत नाही. वास्तविक रात्री दोन वाजता घंटा वाजवूनही कोणी आले नाही म्हणून एकटा उठलेला, अंधारात चाचपडत निघालेला आणि कठडा नसलेल्या न्हाणीघरात ओल्या फरशीवर पाऊल टाकणारा माणूस घसरत असतो. त्या रात्री कामावर किती माणसे होती, हा प्रश्न वयाच्या नावाखाली दडपला जातो. तो दडपणाऱ्यांचा त्यात आर्थिक फायदा आहे, हे आता स्पष्ट बोलले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडून मृत्यू पावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतला एक वर्षभरात दगावतो. जे वाचतात त्यांतील कित्येकांना पुन्हा स्वतःच्या पायांवर चालता येत नाही. या पडण्याची कारणे वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक आहेत. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताच येणारी घेरी, न काढलेला मोतीबिंदू, मांड्यांतील गेलेले बळ, सैल चपला, उंच खाट, गुळगुळीत फरशी आणि लघवीची घाई ही त्यांतील प्रमुख होत. उपायही तितकेच साधे आहेत. दाखल होताना प्रत्येकाची पडण्याची जोखीम तपासावी, औषधांचा फेरविचार करावा, न्हाणीघरात कठडे व रात्री दिवा असावा, खाट बुटकी असावी, उठण्यापूर्वी दोन मिनिटे बसवावे, तोल सांभाळण्याचा व्यायाम रोज करून घ्यावा आणि ठरलेल्या वेळी हात धरून शौचालयात न्यावे. एवढे करूनही एखादा माणूस पडेल, हे मान्य केले पाहिजे. पण यांतले काहीच न करता पडलेल्या माणसाला ‘अपघात’ म्हणणे ही फसवणूक आहे.

या उपायांपैकी कठडा आणि दिवा एकदाच विकत घेता येतात. हात धरणारे माणूस मात्र रोज लागते आणि त्याला रोज वेतन द्यावे लागते. सारा प्रश्न येथे येऊन थांबतो. शहरांतील अनेक शुश्रूषा-केंद्रे ज्यांच्या जिवावर चालतात त्या आयाबाई ‘ब्युरो’मार्फत आलेल्या असतात. बारा तासांची पाळी, हातात कमिशन कापून मिळणारा पगार आणि प्रशिक्षण काहीच नाही, अशा अवस्थेत एका बाईच्या गळ्यात अनेक अंथरुणे बांधली जातात. एकीला शौचाला नेत असताना दुसरा उठून पडला, तर दोष तिच्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी तिचे काम जाते. मालकाचे केंद्र चालूच राहते. म्हातारा आणि आयाबाई ही एकाच काटकसरीची दोन बळी आहेत, हे नातेवाइकांनी संतापाच्या भरात विसरता कामा नये.

माणसे अपुरी पडली की दोन स्वस्त पर्याय पुढे येतात. एक खाटेला बांधण्याचा, दुसरा गुंगीच्या औषधाचा. दोन्ही ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून खपविले जातात आणि दोन्ही घातक आहेत. बांधलेला माणूस सुटण्याच्या धडपडीत अधिक जबर दुखापत करून घेतो, पडून राहिल्याने त्याचे स्नायू झिजतात, पाठीला जखमा होतात. गुंगीचे औषध तर पडण्याच्या कारणांपैकीच एक आहे.

मग यावर देखरेख कोणाची? महाराष्ट्रात वृद्धांची सोय धर्मादाय परंपरेतून उभी राहिली. पुण्याच्या नवी पेठेतील, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून झालेले आणि आज ‘निवारा’ म्हणून ओळखले जाणारे पंगुगृह एकोणिसाव्या शतकातील आहे. त्या परंपरेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दान म्हणून सुरू झालेल्या कामाकडे कायद्याने हक्क म्हणून कधी पाहिलेच नाही. न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्त तपासतात, न्हाणीघरे तपासणे हे त्यांचे काम नव्हे. आता तर परंपरेच्या शेजारी सरळ धंदा म्हणून चालणारी केंद्रे उभी आहेत.

वस्तुतः कायद्याचे हत्यार जुनेच आहे. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याला लोक खाजगी दवाखान्यांचा कायदा समजतात. पण आजार व दुखापत यांबरोबरच विकलांगतेने, दुर्बलतेने ग्रासलेल्यांना ठेवून घेऊन जेथे उपचार व शुश्रूषा केली जाते ती जागाही त्याच्या व्याख्येत येते. खाटेला खिळलेल्या वृद्धांना पैसे घेऊन सांभाळणारे, नळीवाटे अन्न देणारे केंद्र या व्याख्येबाहेर कसे राहू शकते? तरीही ‘वृद्धाश्रम’ अशी पाटी लावली की आरोग्य खात्याची नजर दुसरीकडे वळते.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची तऱ्हा याहून बोलकी आहे. पोटगी न देणाऱ्या मुलाला त्याने महिनाभराच्या कैदेपर्यंत नेले. सरकारसाठी मात्र शब्द मवाळ केला. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक तरी आश्रम शासन ‘स्थापन करू शकेल’, असे कलम १९ म्हणते. आश्रमांचे दर्जे ठरविण्याचा अधिकारही तसाच ऐच्छिक. प्रत्येक जिल्ह्यातील आश्रमांची माहिती गोळा करा, असे २०१८ मध्ये अश्वनी कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावे लागले. खाजगी केंद्रांना नोंदणी व किमान निकष लावणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच मंजुरीविना संपले.

बाजारालाच देव मानणाऱ्या अमेरिकेनेदेखील १९८७ मध्ये अशा केंद्रांसाठी संघीय कायदा केला. अपघाताची कारणे दूर ठेवणे, पुरेशी देखरेख करणे आणि सोयीसाठी माणसाला न बांधणे ही तेथे चालकांची कर्तव्ये ठरली. पण प्रत्येक रहिवाशामागे किमान किती तास शुश्रूषा द्यायची हे ठरविणारा २०२४ चा नियम चालकांच्या संघटनांनी न्यायालयात नेला आणि २०२५ मध्ये तो रद्द करविला. मनुष्यबळाचा आकडा आला की नफा कसा खवळून उठतो, याचा हा धडा आहे.

निकष येईपर्यंत कुटुंबांनी मात्र हात बांधून बसू नये. माणूस पडल्याचे कळताच घटनेचा लेखी अहवाल, औषधांचा तक्ता, त्या पाळीची हजेरी आणि कॅमेऱ्यातील चित्रण राखून ठेवण्याची मागणी लेखी करावी, कारण चित्रण लवकर पुसले जाते. जागेची छायाचित्रे काढावीत, शुल्काच्या पावत्या जपाव्यात. रुग्णालयात नेल्यावर नोंद ‘घरी पडले’ अशी होऊ देऊ नये. रुग्णाच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनी आहे. मृत्यू संशयास्पद असेल तर दुःख आवरून शवविच्छेदनाचा आग्रह धरावा.

हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. ती निष्काळजीपणाने झाली असल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ आणि मृत्यू झाल्यास कलम १०६ दाखवून तपास मागता येतो. भरपाईसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. शुल्क घेऊन दिलेली सेवा सदोष असल्यास २०१९ च्या कायद्याखाली दोन वर्षांत तक्रार करावी. मृताच्या वारसांनाही ती करता येते, दिलेले शुल्क पाच लाखांपर्यंत असल्यास आयोगाची फी नाही, आणि वकिलावाचूनही बाजू मांडता येते. प्रवेशअर्जातील ‘पडल्यास संस्था जबाबदार नाही’ या ओळीला भिण्याचे कारण नाही. अन्यायकारक करार म्हणून तिला राज्य आयोगापुढे आव्हान देता येते.

या मार्गांच्या मर्यादाही उघड आहेत. १९९५ च्या शांता खटल्याच्या निकालानुसार जेथे सर्वांनाच सेवा मोफत मिळते तेथे ग्राहक कायदा लागू होत नाही. म्हणजे सर्वांत गरीब वृद्धाला हा दरवाजा बंद. भरपाईचा रूढ हिशेब मृताच्या कमाईवर बसतो आणि म्हाताऱ्याची कमाई शून्य धरली जाते. आयुष्यभर गिरणीत, शेतात, शाळेत राबलेल्या माणसाचे मोल मरताना शून्य ठरावे, हे ज्या व्यवस्थेला खटकत नाही तिच्याकडून न्याय मागून मिळत नसतो. तो संघटित होऊन मिळवावा लागतो.

निकष लावले तर छोटे आश्रम बंद पडतील, असा आक्षेप घेतला जाईल. जे सेवाभावाने चालतात त्यांना माणसे नेमण्यासाठी शासनाने अनुदान द्यावे, हे त्याचे उत्तर आहे. जे नफ्यासाठी चालतात त्यांना अनुकंपेचा आधार घेण्याचा अधिकार नाही. मुलांनीच आईबापांना घरी सांभाळावे, असेही सुनावले जाईल. दोघेही कामाला जाणाऱ्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला हा उपदेश करणारे सरकार वृद्धापकाळी साहाय्य देण्याचे संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातील आपले कर्तव्य सोयीस्करपणे विसरते.

सबब मागण्या नेमक्या हव्यात. शुश्रूषा देणाऱ्या प्रत्येक केंद्राची १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी व तपासणी व्हावी. दर पाळीला, विशेषतः रात्री, रहिवाशांमागे किती माणसे हवीत याचा आकडा नियमांत लिहिला जावा. पडण्याच्या प्रत्येक घटनेची नोंद आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी आणि ती नातेवाइकांना पाहता यावी. आयाबाईंना प्रशिक्षण, किमान वेतन आणि आठ तासांची पाळी मिळावी. पुरोगामी कार्यकर्त्यांनी, कामगार संघटनांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी या मागण्या घेऊन महानगरपालिका व जिल्हा परिषदांच्या दारात जावे आणि रहिवाशांची नातेवाईक मंडळी व आयाबाई या दोघांनाही आपल्याबरोबर न्यावे.