पहिली तपासणी नवऱ्याची!

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. पण लाजून भागणार नाही, शेवटपर्यंत वाचा.

परवा औरंगपुऱ्यात एका मेडिकलवर उभा होतो. तिशीतला एक पोरगा हळूच म्हणाला, "मूल राहायचे दिवस कळतात, ते किट द्या." दुकानदारानं कागदात गुंडाळून दिलं. पोरानं विचारलं, "हे मिसेसनंच वापरायचं ना?" दुकानदार म्हणाला, "मग कोणी?"

त्या "मग कोणी"वरच ही पोस्ट आहे.

हे किट काय करतं? लघवीतलं एलएच नावाचं संप्रेरक वाढलं की रेघ गडद होते. त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडतं. म्हणजे कोणते दिवस महत्त्वाचे, ते कळतं. बस, एवढंच. पीसीओएस असेल तर रेघ फसवूही शकते. गर्भनलिका बंद आहेत का, हे ते सांगत नाही. आपल्याकडे जननमार्गाचा टीबी हे नलिका बंद होण्याचं एक महत्त्वाचं कारण आहे, तो किटवर दिसत नाही. आणि नवऱ्याबद्दल तर ते एक अक्षर बोलत नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. कधी एकट्या त्याचं, कधी दोघांचं मिळून. पण आपल्याकडचा क्रम बघा. आधी बायकोची सोनोग्राफी, मग तिचं रक्त, मग कर्णपुऱ्याच्या देवीला नवस, मग दुसरा डॉक्टर. नवऱ्याचा नंबर दोन-तीन वर्षांनी, तोही "माझ्यात काय प्रॉब्लेम असणार?" म्हणत.

खरं तर सगळ्यात सोपी तपासणी त्याचीच. ना सुई, ना भूल. २ ते ७ दिवस संबंध टाळायचा आणि लॅबमध्ये नमुना द्यायचा. पुरुषांसाठीही घरगुती किट मिळतात, पण त्यातली बरीचशी फक्त शुक्राणूंची संख्या सांगतात. हालचाल कशी, आकार कसा, हे लॅबमध्येच नीट कळतं. म्हणून किटवर "नॉर्मल" आलं तरी निश्चिंत होऊ नका. आणि एक रिपोर्ट खराब आला म्हणून खचूही नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. गुटखा, तंबाखू, दारू सोडा, डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

किट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, तिथं सुनेला दवाखान्यात जायचं म्हटलं तरी घरभर चर्चा होते. तिला किटचा आधार वाटणारच. पण "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत वर्षं घालवू नका. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टर गाठा. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिनेच थांबा. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. आणि जाताना दोघं जा.

आता सरकारला एक विनंती. गोव्यात २०२३ पासून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात मोफत आयव्हीएफ सुरू झालं. आम्ही लगेच तेवढं मागत नाही. पण कन्नड, सिल्लोड, पैठणच्या माणसाला तालुक्यातच ठरलेल्या वारी जोडप्याची तपासणी आणि वीर्यतपासणी करून मिळावी. पहिल्या रिपोर्टसाठी रोजंदारी बुडवून घाटीपर्यंत यायची पाळी का यावी? नुसत्या जाहिराती बघून लाखांच्या पॅकेजकडे धावणारी जोडपी तिथंच सावरतील.

शेवटचं, सासूबाईंसाठी. सुनेला "काही विशेष?" विचारायच्या आधी लेकाला एकदा विचारा, "बाबा, तुझा रिपोर्ट काढला का?"

पटलं तर शेअर करा. निदान एका मित्राला तरी पाठवा.