विश्लेषण : इंजिन शांत झाले, टायर कधी होणार? जिनिव्हाचा नियम आणि जालन्याचा रस्ता

रात्रीच्या लाइटवर मोसंबीला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला समृद्धी महामार्ग दिसण्याआधी ऐकू येतो. हॉर्न नाही, इंजिनाची घरघरही फारशी नाही. ऐकू येते ती एकसलग घूं घूं, गाडी जवळ येताना चढणारी आणि लांब जाताना उतरणारी. हा आवाज टायरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, तेव्हापासून जालना आणि बदनापूर तालुक्यांतल्या महामार्गालगतच्या वस्त्यांना त्याची सवय करून घ्यावी लागली आहे.

योगायोग असा, की त्याच वर्षी 28 जून रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरच्या आवाजावर मर्यादा घालणारी अधिसूचना काढली. तिची चर्चा वाहन उद्योगाच्या बातम्यांपलीकडे गेली नाही. डीजेच्या डेसिबलवर दर गणेशोत्सवात रकानेच्या रकाने भरतात, पण वर्षाचे 365 दिवस चालणाऱ्या या आवाजावर नियम आहे, हेच बहुतेकांना माहीत नाही. नियम चांगला आहे. मात्र जालन्यापर्यंत पोहोचताना तो अर्ध्या वाटेतच थांबतो.

आवाज इंजिनाचा की टायरचा?

साधारण 30 ते 50 किमी प्रतितास वेगाच्या पुढे कारच्या इंजिनापेक्षा टायरचा आवाज जास्त असतो. ट्रकच्या बाबतीत हा टप्पा थोड्या वरच्या वेगाला येतो. रबराचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांमध्ये अडकलेली हवा दाबली जाऊन पिचकारीसारखी बाहेर पडते आणि टायर व रस्ता यांच्यामधली पाचरीसारखी जागा कर्ण्याचे काम करते. वेग दुप्पट झाला की हा आवाज सुमारे 9 ते 12 डेसिबलने वाढतो.

डेसिबलचे गणित मात्र सरळ नाही. 3 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ‘एक-दोन डेसिबलने काय फरक पडतो’ हा प्रश्न चुकीचा आहे. आवाज 3 डेसिबलने उतरला, तर रस्त्यावरची निम्मी वाहने कमी केल्यासारखे होते.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की प्रश्न मिटेल, अशी एक समजूत आहे. गल्लीत आणि सिग्नलला ते खरे आहे. तिथे तर या गाड्या इतक्या शांत चालतात, की पादचाऱ्यांसाठी त्यांना मुद्दाम आवाज जोडण्याचे नियम करावे लागले. पण 80 च्या वेगाने धावणारी इलेक्ट्रिक कार रस्त्याकडेच्या माणसाला पेट्रोल कारइतकीच ऐकू येते. बॅटरीमुळे गाडी जड होते आणि टायर रुंद लागतात, हे वेगळेच.

जिनिव्हात नेमके काय ठरते?

संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा वाहन नियमांचा जागतिक मंच जिनिव्हात भरतो. त्याचा एक गट केवळ आवाज आणि टायर एवढ्याच विषयांवर काम करतो. वाहनाच्या एकूण आवाजासाठी नियम क्रमांक 51 आहे, टायरसाठी 117 आणि मोटारसायकलींसाठी 41.

नियम 51 ची जुनी चाचणी म्हणजे 50 च्या वेगाला गाडी आणायची, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि बाजूला ठेवलेल्या मायक्रोफोनवर आवाज मोजायचा. यात इंजिनाचा वाटा मोठा होता, म्हणून कंपन्यांनी इंजिने शांत केली. नव्या पद्धतीत शहरात प्रत्यक्ष गाडी चालते त्याच्या जवळची स्थिती धरली जाते, त्यामुळे टायरचा वाटा वाढला. युरोपात सामान्य कारची मर्यादा टप्प्याटप्प्याने 68 डेसिबलवर आणली आहे. नव्या मॉडेलसाठी ती जुलै 2024 पासून लागू झाली, तर नव्याने नोंदणी होणाऱ्या सर्व कारसाठी जुलै 2026 ही तारीख ठरली. चाचणीपुरती शांत आणि रस्त्यावर गरजणारी गाडी बनवता येऊ नये म्हणून वेगवेगळ्या वेगांवर आणि गिअरमध्ये आवाज तपासण्याच्या तरतुदीही आता कडक होत आहेत.

भारतात कारसाठी असलेली 74 डेसिबलची मर्यादा 2005 पासूनची आहे. चाचणीची पद्धत वेगळी असल्याने 74 आणि 68 यांची थेट वजाबाकी करणे बरोबर नाही. तरीही वीस वर्षांत रस्ते, वेग आणि वाहनसंख्या कुठल्या कुठे गेली असताना हा आकडा तिथेच राहावा, हे पटण्यासारखे नाही.

जिनिव्हाचा नियम भारतावर आपोआप लागू होत नाही. 1958 च्या ज्या करारातून हे नियम निघतात, त्यात भारत नाही. 1998 च्या समांतर करारात तो 2006 पासून आहे. म्हणजे जिनिव्हात काही ठरले तरी दिल्लीतून अधिसूचना निघावी लागते. टायरबाबत ती निघाली.

भारतातला टायरचा नियम

2022 च्या अधिसूचनेने एआयएस-142 हे मानक बंधनकारक केले. यात तीन गोष्टी तपासतात : ओल्या रस्त्यावरची पकड, फिरण्याला होणारा विरोध म्हणजेच इंधनाचा खर्च, आणि धावतानाचा आवाज. नव्या डिझाइनच्या टायरना हे 1 ऑक्टोबर 2022 पासून लागू झाले. आधीपासून बनणाऱ्या टायरना आवाजाच्या अटीसाठी 1 जून 2023 पर्यंत मुदत होती. मर्यादा नियम 117 च्या दुसऱ्या टप्प्याच्या आहेत. कारच्या 185 मिमीपर्यंत रुंदीच्या टायरला 70 डेसिबल, त्याहून रुंद टायरला थोडे जास्त, ट्रक-बसच्या साध्या टायरला 73 आणि जास्त पकडीच्या ट्रॅक्शन टायरला 75.

चाचणी कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. गाडी वेगात आणायची, इंजिन बंद करायचे आणि मायक्रोफोनसमोरून नुसती घरंगळू द्यायची. कारसाठी वेग 80, ट्रकसाठी 70. मायक्रोफोन गाडीच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर आणि जमिनीपासून 1.2 मीटर उंच. हाती आलेल्या आकड्यातून मोजमापातल्या चुकीपोटी आणखी 1 डेसिबल वजा केला जातो. आणि धावपट्टी कोणती? खास या चाचणीसाठी बनवलेली, आंतरराष्ट्रीय मानकानुसार गुळगुळीत डांबराची. टायरची टायरशी तुलना करायची तर पट्टी एकच हवी, हे बरोबर. पण तसली धावपट्टी जालना जिल्ह्यातल्या कोणत्याच रस्त्यावर नाही.

नियम जालन्यात कुठे थांबतो?

पहिला अडथळा रिमोल्ड टायरचा. जालना हे सळईचे आणि भंगाराचे गाव आहे. पोलाद कारखान्यांकडे भंगार घेऊन येणारे आणि सळई घेऊन जाणारे ट्रक औद्योगिक वसाहतीपासून मंठा चौफुली आणि अंबड चौफुलीपर्यंत दिवसरात्र दिसतात. ट्रकमालकाचा डिझेलनंतरचा मोठा खर्च टायरचा असतो. म्हणून झिजलेल्या टायरवर नवा पट्टा चढवून तो पुन्हा वापरला जातो. यात गैर काही नाही, उलट रबर वाचते. पण एआयएस-142 आणि नियम 117 हे दोन्ही नव्या टायरसाठी आहेत. कारखान्यातून 73 डेसिबलचा म्हणून निघालेला टायर रिमोल्ड होऊन जाड ‘लग’ नक्षी घेऊन परत रस्त्यावर येतो, तेव्हा त्याचा आवाज कोणीही मोजत नाही.

ट्रकमालकांवर नवा बोजा नको, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी प्रत्येक रिमोल्डिंगच्या दुकानात मायक्रोफोन लावण्याची गरज नाही. तयार पट्ट्यांची नक्षी त्या बनवणाऱ्या कारखान्यातच ठरते. आवाजाची चाचणी तिथेच, एकदाच, नक्षीनिहाय झाली तरी पुरे. हे अजून का झाले नाही, याचे तांत्रिक कारण दिसत नाही.

दुसरा अडथळा रस्ताच. समृद्धी काँक्रीटचा आहे. काँक्रीट टिकते, पावसात खड्डे पडत नाहीत, मराठवाड्यातल्या काळ्या मातीवर त्याचे फायदे आहेत. पण सर्वसाधारणपणे ते डांबरापेक्षा काही डेसिबलने जास्त वाजते. पकडीसाठी त्यावर खाचा पाडतात. त्या रस्त्याला आडव्या असतील तर टायर शीळ घातल्यासारखा वाजतो, रस्त्याच्या दिशेने उभ्या असतील तर आवाज कमी होतो. नेदरलँड्सने बहुतेक मोठ्या महामार्गांवर सच्छिद्र डांबर वापरून हा प्रश्न हाताळला. तोच उपाय इथे उचलून आणणे शहाणपणाचे नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी येणारा चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ यांनी ती छिद्रे बुजायला वेळ लागणार नाही. उभ्या खाचांना मात्र धुळीचे असे वावडे नाही.

शांत टायर म्हणजे चांगला टायर, असेही नाही. नक्षी घासून गुळगुळीत झालेला टायर सपाट रस्त्यावर कधीकधी नव्यापेक्षा शांत धावतो आणि पावसात तोच जीव घेतो. समृद्धीवर टायर फुटून अपघात झाल्यानंतर 2023 मध्ये परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासायला सुरुवात केली, घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. ते योग्यच होते. म्हणूनच नियम 117 मध्ये आवाज आणि ओल्या रस्त्यावरची पकड एकत्र तपासतात. एकाच्या बदल्यात दुसरे सोडता येत नाही.

मोजायचे कोणी?

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात ती 50 आणि 40 आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी रस्त्यावरच्या वाहतुकीच्या रात्रीच्या आवाजाची जी पातळी सुचवली, तीही 45 च आहे. झोपमोड आणि हृदयविकार हा त्यामागचा आधार. पण एकेका वाहनाने आपापली मर्यादा पाळली, तरी शेकडो वाहनांची बेरीज 45 मध्ये बसेल याची हमी कोणताही नियम देत नाही. टायरची मर्यादा परिवहन कायद्यात आणि वस्तीची मर्यादा पर्यावरण कायद्यात असल्याने दोघांची गाठ कुठेच पडत नाही.

पोलिसांच्या हाती जे आहे, ते हॉर्न आणि सायलेन्सर. कर्णकर्कश हॉर्नला पहिल्यांदा 1,000 आणि पुन्हा सापडल्यास 2,000 रुपये दंड आहे. फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओ राज्यातल्या अनेक शहरांतून येतात आणि भरपूर पाहिले जातात. कारवाई हवीच, पण महामार्गालगत झोपणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. वाहन योग्यता तपासणीत टायरची झीज डोळ्यांनी दिसते, 70 च्या वेगाचा आवाज त्या आवारात मोजता येत नाही. म्हणून तपासणी वाहनाच्या आधी, म्हणजे टायर, पट्टा आणि रस्ता बनतानाच व्हायला हवी. जालना 2023 मध्ये महापालिका झाली. चौफुल्यांवर आणि रुग्णालयांसमोर वर्षभर आवाज मोजणारी यंत्रे बसवणे तिच्या आवाक्यात आहे. आकडे हाती असल्याशिवाय दिल्लीकडे किंवा मुंबईकडे मागायचे तरी काय?

कारचा टायर घेताना ग्राहकाला एक गोष्ट पाहता येते. आंतरराष्ट्रीय मंजुरी असलेल्या टायरच्या बाजूवर गोलातले इंग्रजी ‘ई’ अक्षर असते आणि त्याजवळच्या क्रमांकाशेवटी ‘एस2’ अशी खूण असेल, तर तो आवाजाच्या दुसऱ्या टप्प्यात उत्तीर्ण झालेला आहे. आयएसआय खूण वेगळी, तिचा या चाचणीशी संबंध नाही. दुकानदाराला विचारले तर तो बहुधा किंमत आणि किती किलोमीटर चालेल तेच सांगेल, कारण आजवर कोणी त्याला आवाजाबद्दल विचारलेलेच नाही.

समृद्धीवर खाचा पडून गेल्या आहेत. जालना-नांदेड हा सुमारे 179 किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग मात्र अजून व्हायचा आहे. तोही काँक्रीटचा झाला, तर खाचा आडव्या की उभ्या हे निविदेच्या तपशिलात एका ओळीत लिहिता येईल. काँक्रीट ओतण्याआधी ती ओळ लिहायला जवळजवळ काहीच खर्च नाही. नंतर सगळा रस्ता घासावा लागतो.