चौकातल्या कॅमेऱ्याचे नियम विचारा

जत्रेत पोर हरवलं की आईची काय गत होते, हे तुम्हाला सांगायला नको. दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं ते हरवलेली मुलं शोधायला. त्याला कोण नको म्हणेल? पण २०१८ मध्ये पोलिसांनीच उच्च न्यायालयात कबूल केलं, अचूकता अवघी दोन टक्के. वर्षभराने केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने सांगितलं, एक टक्कासुद्धा नाही. मुलगा कोणता आणि मुलगी कोणती, हेही त्याला नीट कळत नव्हतं!

तरी चेहरे ओळखण्याचं हे काम मुलांपुरतं राहिलं नाही. दिल्लीतल्या २०२० च्या दंगलीनंतर गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, अकराशेवर माणसं चेहऱ्यावरून ओळखली. त्यासाठी मतदार ओळखपत्रं आणि ड्रायव्हिंग लायसन्सची माहिती वापरली. तुम्ही लायसन्स काढताना फोटो दिलात, तो कशासाठी दिला होतात?

आठवा. आणि घरात विचारा.

२०२२ मध्ये माहिती अधिकारात दिल्ली पोलिसांनी उत्तर दिलं, ऐंशी टक्क्यांवर साम्य आलं की चेहरा जुळला असं धरतो. ऐंशी टक्के! आपल्याकडे मामाच्या तोंडावळ्याचे भाचे घरोघरी आहेत. तुमचा मुलगा क्लासहून येताना चौकातल्या कॅमेऱ्याला कुणा संशयितासारखा दिसला, तर रात्री पोलीस ठाण्यात कोणाला धावावं लागेल? तुम्हालाच.

पोलिसांशी आपलं भांडण नाही. गणपतीत रात्ररात्र उभे राहतात ते हेच लोक. पण चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांसाठी आपल्या देशात वेगळा कायदाच नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितलं. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्राला दिली. इकडे महाराष्ट्राने पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवायला २०२४ मध्ये ‘मार्वल’ नावाची कंपनी काढली, नागपुरात. यंत्रं येताहेत, नियम मागे राहिलेत.

म्हणून आत्ताच विचारा. माहिती अधिकाराचा ‘जोडपत्र अ’ अर्ज घ्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आयुक्तालयाच्या किंवा अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला द्या. विषय एकच ठेवा, दीडशे शब्दांत मांडा. विचारा: चेहरा ओळखणारी यंत्रणा आमच्या शहरात आहे का? किती साम्याला जुळलं म्हणता? फोटो किती दिवस ठेवता? चुकलं तर दाद कुठे मागायची? अर्ज का करताय, हे सांगायची तुम्हाला गरज नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, सोडू नका. उत्तराची प्रत आमदाराला नेऊन द्या आणि कायदा मागा.

एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. सोसायटीतल्या दहा घरांनी दहा अर्ज टाका. या सोमवारीच टाका.